मेंदीची झालर

९ सप्टेंबर १९८९, शनिवार

सुसर घरात आली.

नाव धुरपताबाईनं ठेवलं. धुरपताबाई म्हणजे माझ्या अंगणवाडीची मदतनीस — पोरांना सुकडी वाटते आणि मला बोरी गावातल्या बातम्या. जावईबापूंनी मस्कतहून आणलेला खोका उघडला तेव्हा ती दारातच उभी होती. आतून निघालं हातभर लांब पातं, दोन्हीकडून दात. "अगं माय, सुसरच की ही," म्हणाली. बारसं तिथंच उरकलं.

कुंपणाची मेंदी कापायचं मशीन आहे. वायर नाही! बॅटरी मुठीच्या आत. खाली एक भोक, त्यात चार्जर खुपसायचा. रात्रभर वीज प्यायची आणि सकाळी अर्धा तास काम करायचं. "म्हणजे सरकारी नोकरच," हे म्हणाले.

मागच्या दिवाळीला यांचा खांदा दुखत होता म्हणून मेंदी कापायची राहिली. ती आता एवढी माजली आहे की दुकानाची पाटीही धड दिसत नाही. 'बन्सीधर टेलर'मधलं नुसतं 'बन्सी' बाहेर राहिलंय. मी हे छबूला पत्रात लिहिलं. लेक आमची नवऱ्याच्या मागं लागली. सूर्यभानराव तिकडं बागांच्या कामावर मुकादम आहेत, त्यांना असली मशीनं रोजची. महालक्ष्म्यांसाठी दोघं आली ती सुसर घेऊनच.

हे खूश दिसले. फार नाही. टेलर माणूस, दुसऱ्याच्या हत्याराला आधी नाक मुरडणार.

१० सप्टेंबर

जावईबापू सांगत गेले, मी जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर लिहून घेतलं. दोन्ही हात मुठींवर. दोन बटणं — दोन्ही दाबल्याशिवाय चालत नाही. सोडलं की थांबतं, पण दात क्षणभर फिरतच राहतात, म्हणून पुरतं थांबल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. डोळ्याला चष्मा, धोतराचा सोगा खोचलेला. पोरं दहा पावलं लांब. मेंदीत तार-बीर अडकलीय का ते आधी बघायचं. ओली मेंदी कापायची नाही. मशीनला पाणी लावायचं नाही — हे तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा माझ्याकडं बघून. काम झालं की पाला झाडायचा, पात्याला तेल द्यायचं, वर म्यान चढवायचं.

आणि बोटापेक्षा जाड फांदी घालायची नाही.

पान खात बसलेले हे तिथं जागे झाले. "बोटाचं माप कामून दिलंय? दुसरं काही सापडलं न्हाई का त्यांना?"

जावईबापू हसले. मला हसू आलं नाही. यांच्या दहा बोटांवर हे घर उभं आहे, एकतीस वर्षं. माझं मानधन म्हणजे वरचं मीठ. मला मशीनची भीती नाही, त्या बोटांची आहे. इथं लिहून ठेवते. तोंडानं बोलले तर दिवसभर भित्री भित्री करतील.

यांनी एक नियम आपला घातला. "धारेची वस्तू दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडं करायची, धार आपल्याकडं." ऐका! ज्या माणसानं एकतीस वर्षांत आपली कात्री मला दोऱ्याचं टोक कापायला दिली नाही, तो देण्याचे नियम सांगतो. कापडाची कात्री दुसऱ्या हातात गेली की बिघडते, म्हणे. दुसरा हात म्हणजे मी!

१३ सप्टेंबर

छबू आणि जावईबापू गेले. एसटीत चढता चढता छबू म्हणाली, "आई, आबा कापायलेत तवा तू जवळ उभी राहा." मी म्हटलं, "तीस पोरं सांभाळते, एक म्हातारा काय जड हाय."

घरी येऊन अंगणवाडीच्या पुठ्ठ्यावर तक्ता केला. चित्रांसकट. बोट आणि त्यावर तांबडी फुली. दुकानात लावला.

१५ सप्टेंबर

आज मेंदी कापणार होते. कापली नाही. म्हणे, सुसर पुरती प्यायली नाही, रात्री दोनदा लाईट गेली.

१९ सप्टेंबर

आज पुरती प्यायलेली आहे. आज म्हणे पितृपाट चालू आहे, नवीन कामाला हात लावत नाहीत. मी विचारलं, मग दुकानात नवीन पायजमा शिवायला कसा घेतलात? तर म्हणाले, "पायजमा जुन्या गिऱ्हाईकाचा हाय."

२३ सप्टेंबर

चालवत नाहीत, पण रोज पुसतात. शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब पात्याला देतात, दातांतून चिंधी फिरवतात, म्यान चढवतात, फळीवर ठेवतात. एवढी सेवा माझी बाळंतपणातही झाली नाही.

मला वाटतं हे घाबरलेत. चिडवलं तर रागावले. "मी भ्यायलो? कात्रीला भ्यायचं म्हणल्यावर टेलरनं काय करावं?" खरंय. पण मग चालवत का नाहीत?

साहेबही व्हायला लागलेत. बशीत ओतून चहा प्यायचं सोडलं. पेल्यातच द्यायचा, तोही अर्धा. आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणे. मग नवीन चष्मा करा की. तर "दिवाळीनंतर."

यंदा शिवायला दिवाळीची कापडंही निम्मीच घेतली. रेडिमेडमुळे गिऱ्हाईक आटलं म्हणतात. मी तर दोघांना दारातून परत जाताना बघितलं.

१ ऑक्टोबर, रविवार

मुहूर्त लागला!

घट बसल्यावर आणखी कसली सबब काढणार. सकाळी ऊन चढल्यावर मेंदी कोरडी झाली. तक्ता मी हातात धरला आणि एकेक वाचत गेले — चष्मा? हाय. सोगा? खोचला. पोरं? धुरपताबाईनं हाकलली. यांनी आधी टेप लावून उंची मोजली. मेंदीची! छातीचं माप तेवढं राहिलं. मग सुसर उचलली, दोन्ही बटणं दाबली. काय तो आवाज. कोंबड्या रस्त्यापल्याड गेल्या.

मी यांच्या बोटांवरून नजर काढली नाही. दोन्ही हात जिथल्या तिथं, मुठींवर गच्च, बोटांची पेरं पांढरी पडली होती. नियमात कुठं चूक नाही. चार हात कापून झाली आणि मी मेंदीकडं बघितलं.

वर-खाली, वर-खाली, वर-खाली.

चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाचं काम ते. परकराला झालर लावतात तसं. हे मागं सरून बघत राहिले. मग सुसर बंद केली, पातं थांबू दिलं, खाली ठेवली. "पातं वाकडं हाय," म्हणाले. आत गेले ते जेवायलाच बाहेर आले.

मी पात्याला पट्टी लावून बघितली. सरळ होतं. पण परदेशी वस्तू, आतून काही असेल.

३ ऑक्टोबर

गावाला विषय मिळाला. "टेलरनं मेंदीला झालर लावली, आता काज-गुंड्या कवा?" दुकानासमोर थांबून बघतात. हे मान वर करत नाहीत. मी म्हटलं, "हसू द्या, त्यांच्या घरी मेंदी तरी हाय का?" हसले नाहीत. मला वाईट वाटलं. माणसाची चेष्टा केली तर तो उलटून बोलतो, हे तर गप्पच.

९ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

पाट मांडला. शिलाई मशीन पुसून, हार घालून. टेप, खडू, सुयांची डबी, इस्त्री, मधोमध कात्री. कात्रीला हळदीकुंकू यांनीच लावलं, तिथंही मला शिवू दिलं नाही. माझा विळा, खलबत्ता. अंगणवाडीचा वजनकाटाही मी दरवर्षी आणते.

हे म्हणाले, "सुसरीलाही बसव की."

मी म्हटलं, ती राहू दे, तिला पाणी चालत नाही. तर म्हणाले, "खंडेनवमीला बिनआंघोळीचं हत्यार कुठं ठेवतात का? नुसतं शिंपड. कुंकू मात्र चांगलं लाव, मस्कतची हाय ती, मान राख."

खरं तर माझ्याही मनात होतंच. सगळी हत्यारं न्हाऊन बसलेली आणि ती एकटी कोरडी, बरं दिसत नव्हतं. फुलानं पाणी शिंपडलं. पात्याला पाच बोटं, मुठीला एक मोठा टिळा, ओल्या कुंकवाचा. वर झेंडूचं फूल. छान दिसत होती. आज आणि उद्या हत्यारांना सुट्टी.

१२ ऑक्टोबर

सुसर बंद पडली.

मीच लावली होती चार्जरला. भोकात बघितलं तर कुंकू! माझा मोठा टिळा ओघळून भोकात गेला होता, आत लाल चिखल वाळलेला. काडीनं काढलं, फुंकर घातली, रात्रभर वीज पाजली. बटणं दाबली. हूं नाही की चूं नाही.

तीनदा सांगितलं होतं जावईबापूंनी. माझ्याकडं बघून.

१३ ऑक्टोबर

यांना सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. सुई मोडली तर तीन दिवस फुगून बसणारा माणूस. पण नाही. "जाऊ दे. देवाच्या पाटावर गेली, चांगल्या ठिकाणी गेली," म्हणाले आणि उलट माझ्या पाठीवर हात ठेवला.

रागावले असते तर बरं झालं असतं. रात्री भाकरी गोड लागली नाही.

१६ ऑक्टोबर

छबूला पत्र लिहायला बसले. तीनदा कागद फाडला. काय लिहू, तुझ्या नवऱ्यानं घामाच्या पैशातून आणलेली वस्तू तुझ्या आईनं कुंकवात बुडवून मारली? पोरांना रोज शिकवते — सांगितलेलं ऐकावं. आज एका पोरानं पाटी पाण्यात बुडवली, त्याला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

धुरपताबाई म्हणाली, "सुलाताई, परभणीला इस्टँडजवळ हमीद मिस्त्री हाय, मेलेला रेडिओ बोलता करतो. त्याला दाखव की गपचिप."

१८ ऑक्टोबर

निघाले होते. परभणीला नामांतराचा मोर्चा म्हणून गाडीच सुटली नाही. सुसर पिशवीत घालून दोन तास फाट्यावर बसून परत आले. यांना सांगितलं, अंगणवाडीची मीटिंग रद्द झाली. एकतीस वर्षांत हे माझं पहिलं खोटं. बरं, दुसरं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

परभणीच्या स्टँडवर बसूनच लिहितेय. रागानं.

हमीद मिस्त्री म्हातारा, शांत माणूस. मी सगळं कबूल केलं — खंडेनवमी, टिळा, भोक. त्यांनी स्क्रू काढून मूठ उघडली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "चाची, कुंकू तो दरवाजे पेच बैठा है. अंदर गयाच नई."

मग बंद का पडली? त्यांनी चिमट्यानं एक वायर वर काढली. मधोमध कापलेली. एकाच घावात, तिरकी, स्वच्छ. "ये किसीने काटी है. और काटनेवाला कारीगर है," म्हणाले.

दोन्ही टोकांना पांढरा दोरा गुंडाळला होता, घट्ट, म्हणजे टोकं एकमेकांना लागून कुणाला झटका बसू नये. दोऱ्याला वर गाठ. दोन वेढे आणि एक मागून ओवलेला. ती गाठ मी हजारदा बघितली आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक गुंडीखाली तीच गाठ आहे.

"सुसरीलाही बसव की!" "कुंकू मात्र चांगलं लाव!" आधीच मारून ठेवलेली माझ्या पाटावर आणून बसवली आणि खून माझ्या माथी. आठ दिवस मला माझंच मन खात राहिलं आणि हा माणूस माझ्या पाठीवर हात ठेवतो!

वायर जोडून घेतली. मिस्त्रींनी बटणं दाबली तर दुकानातली दोन गिऱ्हाईकं उठून उभी राहिली. दोरा मी मागून घेतला. आता घरी जाऊन यांच्यासमोर टाकते आणि विचारते.

२० ऑक्टोबर, परत

विचारलं नाही.

घरी पोहोचले तेव्हा हे दुकानात एकटे होते. मी दारातच थांबले, यांना कळलं नाही. बेतायच्या पाटावर कापड पसरलं होतं. खडू हातात. रेघ ओढायला हात खाली नेला आणि हात हलायला लागला. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, श्वास कोंडला, ओढली. मग उचलून बघितली, पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. कापडाचा तो कोपरा खडूनं पांढरा झाला होता.

मी मागच्या दारानं घरात आले आणि कारण नसताना पितळी घासत बसले.

२१ ऑक्टोबर

अर्धा पेला चहा. दहा सुया. परत गेलेली गिऱ्हाईकं. मागच्या दिवाळीचा खांदा. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर, मीच या वहीत लिहिलेलं आणि मी हसत होते. दुसऱ्यांच्या पोरांची वजनं घेते, कुणाचं पावशेर कमी झालं तरी मला कळतं. घरातलं कळलं नाही.

बोटं कापली जातील म्हणून मी भीत होते. बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत.

यांचा राग येतो तो वायरीचा नाही. मला सांगितलं नाही त्याचा येतो. आणि रडूही येतं. दोन्ही एकदम येतंय, त्यामुळे काहीच धड होत नाही.

२४ ऑक्टोबर

ठरलं. विचारायचं नाही. मी विचारलं तर हे काहीतरी सबब सांगतील, आणि एकदा तोंडानं सांगितलेली सबब यांना जन्मभर सांभाळत बसावी लागेल. सुसर चार्जरला लावली. चार्जरच्या वायरीची गुंडाळी केली की तिला बांधायला काहीतरी लागतंच. तोच पांढरा दोरा बांधला. गाठीसकट.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पदर खोचला, यांचा जुना चष्मा डोळ्याला लावला आणि सुसर घेऊन बाहेर आले. हे चहा पीत होते.

"काय करायलीस?"

"मेंदी कापायलेय."

"ती तर बंद हाय."

"कुंकू वाळलं असंल," मी म्हटलं आणि दोन्ही बटणं दाबली. कोंबड्या रस्त्यापल्याड.

हे उठून आत गेले. मला वाटलं, गेले रुसून. फळीवर चार्जर होता, त्यावर तो दोरा. बराच वेळ झाला. मग बाहेर आले ते हातात शिवणाची दोरी आणि माझा तक्ता घेऊन. दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणून बांधली, दोनदा टेप लावला. "ह्या दोरीच्या खाली जायचं न्हाई," म्हणाले.

आणि मग काय विचारता. "दोन्ही हात ठेव! पदर बघ. बटण सोड आधी, थांबू दे पातं, आता ठेव. ती फांदी जाड हाय, सोड ती, विळ्यानं काढू. रेटू नको, ती आपोआप खायलीय की." माझाच तक्ता, माझीच चित्रं आणि मलाच शिकवणं. एकदा तर "बोट!" म्हणून एवढ्यानं ओरडले की धुरपताबाईच्या हातातलं सुकडीचं पातेलं पडलं. बोट जागेवरच होतं.

पहिल्या चार हातांतली झालर तेवढी सरळ होईना. फार खोल गेलेली. मी म्हटलं, "ही राहू द्या, पुढच्या पावसाळ्यात भरून निघंल." यांनी माझ्या हातून सुसर घेतली — थांबलेली, बंद असलेली — आणि पायरीवर बसून दातांतला पाला ब्रशनं झाडायला लागले. हात हलत होते. ब्रशही हलतच होता. पाला मात्र सगळा निघाला.

पाटी दिसायला लागली. 'बन्सीधर टेलर', पुरती.

३० ऑक्टोबर, सोमवार. पाडवा

यांना ओवाळलं. दर पाडव्याला ताटात यांनी कापून शिवलेला झंपर पडतो. आज यांनी नुसतं कापड ठेवलं, घडीसुद्धा न मोडलेलं. त्यावर कात्री ठेवली, मूठ माझ्याकडं करून.